मालकाचा पासपोर्ट

७ मार्च २०२४. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांच्या कार्यालयांतले फोन थांबायचं नाव घेत नव्हते. पलीकडून बोलणारी बरीचशी शाळकरी पोरं होती. आपण नेमका कुणाला फोन लावलाय हे काहींना धड सांगताही येत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की टिकटॉक बंद होणार आहे आणि ते थांबवायचं असेल तर हा नंबर फिरवायचा आहे. सूचना टिकटॉकनंच दिली होती. ॲप उघडलं की पडद्यावर इशारा यायचा, आपला पिनकोड टाकला की आपल्या प्रतिनिधीचा नंबर समोर, आणि बोट टेकवलं की फोन.

कंपनीला वाटलं होतं, लोकप्रतिनिधी या लोंढ्यापुढे नमतील. झालं उलटंच. त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या ऊर्जा आणि वाणिज्य समितीनं टिकटॉकच्या मालकीबाबतचं विधेयक ५० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे दोन पक्ष तिथे एरवी सूर्य पूर्वेला उगवतो यावरही एकमत करायला तयार नसतात. इथे एकही मत फुटलं नाही. ज्या ताकदीबद्दल इतके दिवस नुसता संशय होता, ती कंपनीनं स्वतःहून दाखवून दिली होती. बीजिंगमध्ये मूळ असलेली एक कंपनी देशभरातल्या पोरांना एका दुपारी एकाच कामाला लावू शकते, हे सदस्यांनी आपल्याच टेबलावरच्या फोनमधून ऐकलं.

टिकटॉकचं हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते केवळ अमेरिका आणि चीन यांच्या भांडणापुरतं नाही. परदेशी मालकाच्या हातातलं व्यासपीठ आणि त्या मालकावर दबाव आणणारं सरकार, असा हा सामना आहे. कोट्यवधी लोक रोज ज्यावर बोलतात, गातात, विकतात, भांडतात, त्या जागेचा धनी कोण असावा हे त्यात ठरतं. आणि ठरवताना त्या लोकांना कुणी विचारत नाही. आपल्याकडे २०२० साली तेच झालं. अमेरिकेत पाच-सहा वर्षं खटले, कायदे, मुदतवाढी होऊन शेवटी तेच झालं.

आधी भीती खरी आहे का, ते पाहू. माझ्या मते खरी आहे, आणि ती उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. झांग यिमिंग या अभियंत्यानं २०१२ साली बीजिंगमध्ये बाइटडान्स ही कंपनी काढली. २०१६ साली तिनं चीनपुरतं डोयिन हे ॲप आणलं, पुढच्या वर्षी त्याचंच बाहेरच्या जगासाठीचं रूप म्हणजे टिकटॉक आलं. २०१७ च्या अखेरीस तिनं म्युझिकली हे ॲप विकत घेतलं. अमेरिकेतल्या पोरापोरींमध्ये ते तोवर चांगलंच रुजलेलं होतं. २०१८ मध्ये ते टिकटॉकमध्ये विलीन झालं आणि एका दमात बाइटडान्सला अमेरिकेचा उंबरठा ओलांडता आला. त्या खरेदीच्या वेळी तिथल्या सरकारी परकीय गुंतवणूक समितीची परवानगी घेतली गेली नव्हती. पुढचं सगळं महाभारत तिथून सुरू झालं. ही समिती किती लांब हात घालू शकते ते ग्राइंडरच्या वेळी दिसलं होतं. समलिंगी पुरुषांमध्ये लोकप्रिय असलेलं हे ॲप कुनलुन या चिनी कंपनीनं घेतलं होतं. माणसाचं सर्वांत खाजगी आयुष्य, त्याचं ठिकाण, त्याची एचआयव्हीची स्थिती एवढी माहिती त्यात असते. समितीनं २०१९ मध्ये कुनलुनला ते विकायला लावलं आणि २०२० मध्ये ते विकलं गेलं.

चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार प्रत्येक संस्थेनं आणि नागरिकानं सरकारी गुप्तचर कामाला साहाय्य करायचं असतं. आम्ही सरकारला माहिती देत नाही आणि देणार नाही, असं टिकटॉक वारंवार सांगत आलं. पण द्यायची वेळ आली तर नाही म्हणण्याची सोय त्या कायद्यात नाही. २०२१ साली बाइटडान्सच्या चीनमधल्या एका प्रमुख उपकंपनीत सरकारशी संबंधित संस्थेनं एक टक्का भाग घेतला आणि संचालक मंडळावर आपला माणूस बसवला. भाग एक टक्का, पण खुर्ची मिळाली. आणि डिसेंबर २०२२ मध्ये बाइटडान्सला कबूल करावं लागलं, की तिच्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांची माहिती चोरून पाहिली होती. कंपनीतल्या बातम्या बाहेर कोण पुरवतं हे शोधण्यासाठी त्या पत्रकारांचं ठिकाण तपासलं जात होतं. त्या कर्मचाऱ्यांना काढण्यात आलं. पण जिथे हे एकदा होऊ शकलं तिथे पुन्हा होणार नाही, हे कोण कशाच्या जोरावर सांगणार?

माध्यमाच्या मालकाचं नागरिकत्व तपासण्याची पद्धत मुळात जुनी आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यानं रेडिओच्या आणि पुढे टीव्हीच्या परवानाधारक कंपनीत परदेशी हिस्सा २० टक्क्यांपर्यंतच ठेवला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रूपर्ट मर्डॉक यांना अमेरिकेतली टीव्ही केंद्रं घ्यायची होती, तेव्हा त्यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वच घेतलं. माणूस तोच, वृत्तपत्रं चालवण्याची रीत तीच. फक्त पासपोर्ट बदलला आणि कायद्याची अडचण संपली. पुढे अमेरिकेच्या राजकारणावर त्यांच्या वाहिनीनं काय परिणाम केला ते जग जाणतं.

आपणही यात मागे नव्हतो. १९५५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ठराव करून परदेशी वृत्तपत्रांना भारतात दारं बंद केली. ती किलकिली व्हायला २००२ साल उजाडलं, आणि तेव्हाही बातम्यांच्या वृत्तपत्रांत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपर्यंतच मान्य झालं. २०१९ मध्ये हीच मर्यादा इंटरनेटवरून बातम्या देणाऱ्या संस्थांना लागली. पण या देशातला तरुण बातमी पाहतो कुठे? यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपच्या गटात. या तिन्हींच्या मालक कंपन्या अमेरिकी आहेत आणि त्यांना ही २६ टक्क्यांची मर्यादा लागू नाही, कारण कायद्याच्या दृष्टीनं त्या बातमी देत नाहीत, केवळ पोहोचवतात. पुण्यातल्या एखाद्या छोट्या बातमी संकेतस्थळानं परदेशी गुंतवणूकदार घ्यायचा म्हटलं तर दिल्लीची परवानगी लागते. त्याच संकेतस्थळाची बातमी कुणाला दिसावी आणि कुणाला दिसू नये हे ठरवणारी यंत्रणा मात्र शंभर टक्के परदेशी असू शकते. या विसंगतीवर आपल्या संसदेत जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

आता २०२० चा जून. १५ तारखेच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान हुतात्मा झाले. देश संतापला होता आणि तो संताप रास्त होता. २९ जूनच्या संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचं पत्रक आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ ॲप बंद. यादीत पहिलं नाव टिकटॉकचं. मागोमाग शेअरइट, यूसी ब्राउझर, हेलो, लाइकी, वीचॅट, झेंडर, कॅमस्कॅनर. दुसऱ्या दिवशी टिकटॉक उघडणाऱ्याला व्हिडिओंच्या जागी सरकारी आदेशाची सूचना दिसली. कंपनीच्या सांगण्यानुसार भारतात तिचे २० कोटी वापरकर्ते होते. चीनबाहेर एवढी मोठी बाजारपेठ तिला कुठेच नव्हती.

ही यादी आज पुन्हा वाचून पाहा. तिच्यात आपल्या गावांचं त्या वेळचं रोजचं जगणं दिसतं. कॅमस्कॅनरनं सातबारा, गुणपत्रिका, रेशनकार्ड यांचे फोटो काढून पीडीएफ करायचं काम तालुक्याच्या गावातली झेरॉक्सची दुकानं आणि महा ई-सेवा केंद्रं करत होती. नेट महाग होतं त्या काळापासून शेअरइट आणि झेंडरवरून एका फोनमधली गाणी, सिनेमे दुसऱ्या फोनमध्ये जायचे. हेलोवर मराठीत सुविचार आणि शुभेच्छा फिरायच्या. आणि टिकटॉक म्हणजे तर रंगमंच होता. ते दिवस टाळेबंदीचे होते. त्या वर्षी चैत्रातल्या यात्रा-जत्रा झाल्या नव्हत्या, तमाशाचे फड बसून होते, लग्नातली बँडपथकं घरी होती. ज्याच्या अंगात कला होती आणि खिशात साधा फोन होता त्याला प्रेक्षक मिळण्याची ती एकच जागा उरली होती. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातलं एक कुटुंब घरासमोरच्या अंगणात, शेतात नाचाचे व्हिडिओ करायचं. त्यांचे चाहते लाखांच्या घरात होते. बंदीनंतर त्या घरातल्या बायका रडताना वृत्तवाहिन्यांनी दाखवल्या आणि शहरातल्या अनेकांनी त्या चित्रणाची टर उडवली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जातीनं, पैशानं, इंग्रजीच्या अभावानं सगळीकडे मागे ठेवलेल्या माणसांना पहिल्यांदा कुणीतरी टाळ्या दिल्या होत्या, आणि त्या एका संध्याकाळीत गेल्या.

बंदी घालायला नको होती असं मी म्हणत नाही. सीमेवर रक्त सांडलेलं असताना शत्रुत्व करणाऱ्या देशातल्या कंपनीच्या हाती २० कोटी लोकांची माहिती राहू द्यायची का, हा प्रश्न कुठल्याही सरकारनं विचारायलाच हवा. माझी तक्रार आहे ती बंदीच्या रीतीबद्दल. कलम ६९ अ आणि त्याखालचे २००९ चे नियम यांत समिती आहे, लेखी कारणं आहेत, नोटीस आहे, तातडीच्या आदेशानंतर ४८ तासांत प्रकरण समितीपुढे ठेवण्याची अट आहे. पण नियम १६ सांगतो, की हे सगळं गोपनीय राहील. त्यामुळे लोकांच्या हाती आलं ते पत्रक. कुठल्या ॲपनं कुठली माहिती कुठे पाठवली, याचा पुरावा लोकांपुढे आलाच नाही. ५९ ॲपना एकच कारण लावलं गेलं. कागदाचा फोटो काढणारं ॲप आणि २० कोटींचं व्यासपीठ एका दावणीला बांधली गेली. जानेवारी २०२१ मध्ये ही बंदी कायम झाली आणि बाइटडान्सनं भारतातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. कंपनी या बंदीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली नाही. वापरकर्त्यांनी चढावी तर आव्हान द्यायला हातात आदेश तर हवा.

या कलमाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते पसंत करणाऱ्या पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी अटक केली. त्यातून सर्वोच्च न्यायालयात श्रेया सिंघल खटला उभा राहिला. मार्च २०१५ च्या निकालानं त्याच कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं, हे सगळ्यांना आठवतं. त्याच निकालात कलम ६९ अ मात्र टिकलं, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. न्यायालयानं ते टिकवलं ते त्यातल्या संरक्षक तरतुदींच्या भरवशावर. कारणं लेखी द्यावी लागतात, म्हणजे ती न्यायालयात तपासता येतील, हा तो भरवसा होता. पण कुणाला न दाखवलेला कागद तपासायचा कसा?

बंदीनं देशी ॲपना सोन्याचे दिवस येतील असं तेव्हा बोललं गेलं. चिंगारी, मित्रों, रोपोसो, जोश, शेअरचॅटचं मोज अशी रांग लागली. पण फेसबुकनं इन्स्टाग्रामवर रील्स भारतात आणलं ते ८ जुलैला, बंदीनंतर नवव्या दिवशी. सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. देशी ॲपना भांडवल, जाहिरात आणि तंत्र या तिन्ही आघाड्यांवर या दोघांपुढे टिकता आलं नाही. आज आपला कलाकार रील करतो, शॉर्ट टाकतो. एका परदेशी मालकाकडून उठून तो दुसऱ्या परदेशी मालकाकडे गेला.

हा दुसरा मालक मित्रदेशातला आहे, मग बिघडलं काय, असं विचारलं जातं. जुलै २०२५ मध्ये काय घडलं ते पाहा. नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीत रशियन भांडवल आहे. युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं तिच्या ईमेलसकट सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या कायद्यानं त्या कंपनीवर कुठलीही बंदी नव्हती. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची, काम अडलं आपल्याकडे. समाजमाध्यमांच्या बाबतीत अशी वेळ येणार नाही असं मानायला आधार नाही.

अमेरिकेनं हे प्रकरण आपल्यापेक्षा बऱ्याच उघडपणे चालवलं, निदान शेवटच्या वळणापर्यंत. त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा आधार घेऊन टिकटॉकविरुद्ध आदेश काढला आणि पाठोपाठ ते विकण्याचाही हुकूम दिला. ओरॅकल आणि वॉलमार्ट यांचा सौदा जवळजवळ ठरला. बीजिंगनं त्याच महिन्यात निर्यात नियंत्रणाच्या यादीत बदल करून, माणसाची आवड ओळखून त्याला व्हिडिओ सुचवणारं तंत्र आपल्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, अशी पाचर मारली. म्हणजे दुकान विका, पण त्याची किल्ली आमच्याकडे. इकडे काही व्हिडिओ बनवणारे सामान्य लोकच पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयात गेले. ज्या कायद्याखाली आदेश निघाला त्यातच माहिती आणि अभिव्यक्तीच्या साहित्यावर बंदी घालता येणार नाही अशी तरतूद होती. न्यायाधीश वेंडी बीटलस्टोन यांनी ऑक्टोबरमध्ये बंदी रोखली. वॉशिंग्टनच्या न्यायालयानंही कंपनीच्या अर्जावर तोच मार्ग धरला. जून २०२१ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी तो बंदीचा आदेश मागे घेतला.

मग टिकटॉकनं तडजोडीचा प्रस्ताव पुढे केला. अमेरिकी लोकांची माहिती टेक्सासच्या ओरॅकल कंपनीच्या यंत्रणेत ठेवायची आणि तिच्यावर अमेरिकी देखरेख. यावर दीड अब्ज डॉलर खर्च केल्याचं कंपनीनं सांगितलं. मार्च २०२३ मध्ये मुख्य कार्यकारी शाउ झी च्यू यांना प्रतिनिधिगृहाच्या समितीनं काही तास उलटसुलट विचारलं. जानेवारी २०२४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे तर आपण सिंगापूरचे नागरिक आहोत, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. सदस्यांचे काही प्रश्न अज्ञानाचे होते, काहींत वंशाचा वास येत होता. सुरक्षेची भीती खरी असली तरी ती एका माणसाच्या चेहऱ्याकडे बघून विचारली जाते तेव्हा तिचं वजन कमी होतं.

त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाचे सदस्य माइक गॅलाघर आणि भारतीय वंशाचे राजा कृष्णमूर्ती यांनी मिळून आणलेलं ते मालकीबाबतचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३५२ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं. एप्रिलमध्ये ते परदेशी मदतीच्या विधेयकाला जोडून सिनेटमधूनही पार पडलं आणि २४ एप्रिल २०२४ रोजी बायडन यांनी सही केली. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया या देशांतल्या मालकाचा हिस्सा २० टक्के किंवा अधिक असेल तर ते ॲप परकीय शत्रूच्या ताब्यातलं मानायचं. टिकटॉकला विक्रीसाठी २७० दिवस, म्हणजे १९ जानेवारी २०२५ पर्यंतची मुदत. नाही विकलं तर ॲप दुकानात ठेवणाऱ्या ॲपल आणि गूगलला वापरकर्त्यामागे ५ हजार डॉलरपर्यंत दंड.

टिकटॉकनं या कायद्याला दिलेल्या आव्हानाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जानेवारी २०२५ ला युक्तिवाद झाला आणि त्याचं ध्वनिप्रक्षेपण कुणालाही ऐकता येत होतं. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी बोलून दाखवलेली चिंता माझ्या मनात राहिली. आज जी पोरं हे ॲप वापरतात ती उद्या सरकारी किंवा गुप्तचर नोकरीत जातील, आणि त्यांच्या तरुणपणाच्या माहितीचा साठा दुसऱ्या देशाकडे असेल. १७ जानेवारीला नऊही न्यायमूर्तींनी कायदा वैध ठरवला. निकालाचा पाया होता माहितीचा साठा, मतप्रदर्शन नव्हे. आणि न्यायालयानं स्पष्ट लिहिलं, की सरकारनं दिलेले गोपनीय पुरावे विचारात न घेता, जे सर्वांसमोर आहे त्यावरूनच हा निर्णय दिला आहे. आपल्या नियम १६ शेजारी हे वाक्य ठेवून वाचावं.

इथवर सगळं कायद्यानं चाललं. इथून पुढे मात्र कायदा बाजूला राहिला. १८ जानेवारीच्या रात्री टिकटॉकनं स्वतःच अमेरिकेतली सेवा बंद केली. १७ कोटी अमेरिकी वापरकर्त्यांपैकी अनेक जण आधीच शाओहोंगशू या चिनी ॲपवर जाऊन बसले होते. शपथविधीच्या आदल्या दिवशी ट्रम्प यांनी मुदतवाढीचं आश्वासन दिलं आणि सेवा परत सुरू झाली. सूचनेत ट्रम्प यांचे आभार मानलेले होते. २० जानेवारीला ७५ दिवसांची मुदतवाढ निघाली, मग एप्रिलमध्ये, जूनमध्ये, सप्टेंबरमध्ये. विक्रीचा करार मार्गी लागलेला असेल तरच एकदा ९० दिवस देता येतील, एवढंच कायद्यात होतं. संसदेनं संमत केलेला, सर्वोच्च न्यायालयानं एकमुखानं उचलून धरलेला कायदा एका माणसाच्या मर्जीनं वर्षभर गुंडाळून ठेवला गेला. ज्यांनी २०२० मध्ये बंदी मागितली तेच आता तारणहार होते. मधल्या काळात त्यांनी टिकटॉकवर खातं उघडलं होतं, आणि बाइटडान्समध्ये मोठी गुंतवणूक असलेले जेफ यास हे रिपब्लिकन पक्षाचे मोठे देणगीदार आहेत.

जानेवारी २०२६ मध्ये सौदा पुरा झाला. अमेरिकेसाठी नवी संयुक्त कंपनी. ओरॅकल, सिल्व्हर लेक आणि अबू धाबीची एमजीएक्स यांना प्रत्येकी १५ टक्के. बाइटडान्सकडे १९.९ टक्के, म्हणजे कायद्याच्या रेषेच्या अगदी आत. उरलेला बराचसा भाग बाइटडान्सच्याच जुन्या गुंतवणूकदारांशी संबंधित संस्थांचा. माहितीची सुरक्षा आणि कुठला मजकूर ठेवायचा हे नव्या कंपनीकडे. जाहिराती आणि विक्रीचा व्यवसाय बाइटडान्सकडेच. ओरॅकलचे लॅरी एलिसन हे ट्रम्प यांचे निकटवर्तीय, आणि त्यांचे पुत्र डेव्हिड यांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट, म्हणजे पर्यायानं सीबीएस ही टीव्ही वाहिनीही आली आहे.

बीजिंगचा हात ढिला झाला हे खरं. पण त्या जागी सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेला हात आला. मालक देशी असला की नागरिक सुरक्षित, हा समज रशियातही फोल ठरला होता. व्हीकॉन्टाक्टे हे रशियन माणसानं रशियात उभं केलेलं समाजमाध्यम. युक्रेनमधल्या आंदोलकांची माहिती गुप्तचर खात्याला देणार नाही, असं त्याचे संस्थापक पावेल दुरोव म्हणाले आणि २०१४ मध्ये त्यांना कंपनी आणि देश दोन्ही सोडावं लागलं. कंपनी सत्तेच्या जवळच्या लोकांकडे गेली. तिथे परदेशी मालकाचा प्रश्नच नव्हता.

नेपाळचं उदाहरण ताजं आहे आणि दुखरं आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधान ओली यांच्या सरकारनं नोंदणी न केल्याच्या कारणावरून २६ समाजमाध्यमं बंद केली. फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप, एक्स सगळी. परदेशी कंपन्यांनी नेपाळचा कायदा पाळावा, ही मागणी चूक नव्हती. पण ज्या देशाची लाखो माणसं परदेशात राबतात आणि घरच्यांशी याच ॲपवर बोलतात, तिथे एका फटक्यात सगळं बंद करताना लोकांचा विचार झाला नाही. भ्रष्टाचारावरचा साचलेला रागही त्यात मिसळला. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी १९ जीव गेले. बंदी रात्री उठली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे त्याच महिन्यात एक निकाल लागला. सरकारच्या सहयोग या संकेतस्थळावरून मजकूर हटवण्याच्या सूचना निघतात, त्याविरुद्ध एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली होती. २४ सप्टेंबरला याचिका फेटाळली गेली. अनुच्छेद १९ चं भाषणस्वातंत्र्य हे नागरिकांचं आहे, परदेशी कंपनीला ते सांगता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. घटनेच्या शब्दांप्रमाणे ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम लक्षात घ्या. मजकूर माझा, हटवण्याची सूचना कंपनीला. कंपनी परदेशी म्हणून माझं स्वातंत्र्य तिला मांडता येत नाही. मला मांडता येतं, पण मला सूचनाच मिळत नाही. कलम ६९ अ खालच्या २००९ च्या नियमांतही नोटीस लेखकाला किंवा कंपनीला द्यायची आहे, आणि कंपनीला दिली की काम भागतं. ज्याचं बोलणं गेलं तो माणूस या सगळ्यात कुठेच नाही.

माहिती संरक्षणाचा कायदा आपण २०२३ मध्ये केला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. सरकार ठरवेल त्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूटही आहे. हा कायदा २०२० मध्ये असता आणि कडक असता, तर टिकटॉकला भारतीयांची माहिती कुठे ठेवता, कोण पाहतं, असं विचारून पुरावा मागता आला असता. तोच प्रश्न मेटाला आणि गूगललाही विचारता आला असता. मालक चिनी असो, अमेरिकी असो, अहमदाबादचा असो की मुंबईचा, माणसाच्या माहितीला लागणारा नियम एकच असायला हवा. आणि तो मोडणाऱ्यावर होणारी कारवाई दिवसाढवळ्या व्हायला हवी.

सरकारनं परदेशी मालकांवर दबाव आणावा, जरूर आणावा. या कंपन्या आपल्या वापरकर्त्यांच्या प्रेमापोटी इथे आलेल्या नाहीत आणि त्यांना वठणीवर आणण्याची ताकद सरकारशिवाय कुणाकडे नाही. पण तो दबाव कशासाठी, कुठल्या पुराव्यावर आणि कुणाच्या फायद्यासाठी आणला, हे आपल्याला कळलं पाहिजे. नियम १६ चं गोपनीयतेचं पांघरूण काढण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेत नवा कायदाही करावा लागत नाही. तो केंद्र सरकारनं केलेला नियम आहे आणि केंद्र सरकार तो एका अधिसूचनेनं बदलू शकतं. पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या खासदाराला एवढं एक पत्र लिहा: ज्या ॲपवर बंदी घातली त्याचा कारणांसह आदेश प्रसिद्ध करा, आणि ज्याचा मजकूर हटवला त्याला नोटीस द्या.